दाट पापण्या

१२ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. आईची कंबर अधूनमधून कुरकुरते, आवाज मात्र पूर्वीसारखाच खणखणीत. तू फोन उचलत नाहीस, उचललास तर 'गाडीवर आहे' म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.

माझं काम जोरात चाललंय. काचबिंदू एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो, यात इतकी वर्षं घातली. आता कुठे लोक आमचं म्हणणं कान देऊन ऐकतात. रुग्णांच्या भावंडांना बोलावते, डोळ्यांतला दाब मोजते, दृष्टिपटलाचे फोटो काढते. परकी माणसं लांबून लांबून येतात. माझा सख्खा भाऊ मात्र याच शहरात राहून येत नाही. कधी पाहुणे, कधी ताप, कधी गाडी बिघडली. बाबांची नजर कशी गेली, ते आपण दोघांनीही पाहिलंय. दुखलं नाही, खुपलं नाही. कडेकडेनं जात राहिली. ते पाहिलेला माणूस तपासणी टाळतो, तेव्हा मला त्याच्या सबबी पटत नाहीत.

आईच्या वाढदिवसाला आलास, तेव्हा जिना उतरताना तू पायानं पायरी चाचपलीस. मी बघतेय हे लक्षात आल्यावर चप्पल सैल झाल्याचं नाटक केलंस. जेवताना माझ्यासमोर बसायचं टाळलंस. आणि त्या पापण्या. "ह्यांच्या पापण्या बघा, नटीसारख्या झाल्यात," असं तुझी बायको म्हणाली आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही. काचबिंदूवर घालायचे एक थेंब असतात. ते रोज घातले की पापण्या अशाच लांब, दाट होतात.

परवा तिचाच फोन आला. तुझ्या डब्याच्या पिशवीत तिला निळसर झाकणाची इवलीशी बाटली सापडली. तू म्हणालास, धुळीचं औषध. तिला भलताच संशय आहे. "ताई, हल्ली घरी येतात तेव्हा शर्टाच्या बाह्या ओल्या असतात. विचारलं की चिडतात. कुठे जातात कोण जाणे." ती बाटली कशाची, ते मी तिला सांगितलं नाही.

म्हणजे तू दुसऱ्या कुणाला तरी डोळे दाखवलेस. दाखव, माझी हरकत नाही. पण माझ्यापासून का लपवलंस? मला एकच कारण सुचतं, आणि ते लिहायला हात धजत नाही. तुझी गाडी रिकामी नसते रे. तिच्यात शाळेची पोरं असतात.

रविवारी ये. नाही आलास, तर सोमवारी मी तुझ्या मालकांना भेटेन. तेव्हा मी तुझी बहीण नसेन.

तुझी,
ताई


१७ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. पत्र वाचून आधी राग आला. तो उतरल्यावर लिहायला बसलोय.

तुझा संशय अर्धा खरा आहे. थेंब काचबिंदूचेच. तुझ्याकडे आलो नाही, कारण तू माझ्या डोळ्यांत बघतेस तेव्हा तुला मी दिसतो की बाबा, हे मला कळत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं. नजरेचा घेर बराच गेलाय म्हणाले.

गाडी मी उन्हाळ्यातच सोडली. एक मुलगी उतरून गाडीच्या कडेनं पुढे आली आणि मला ती दिसलीच नाही. गाडीतल्या बाई ओरडल्या म्हणून ब्रेक दाबला. पोरीला काही झालं नाही, ती हात हलवून निघूनही गेली. मी मात्र तसाच जाऊन मालकांच्या हातात किल्ली दिली. ते म्हणाले, "चार दिवस रजा घे." मी म्हटलं, "रजा नको, दुसरं काहीतरी काम द्या."

तेव्हापासून गाड्या धुतो. घरी सांगितलेलं नाही. सकाळी ड्रायव्हरचा गणवेश चढवून निघतो आणि तिथे गेल्यावर बदलतो. तुझा फोन आला की 'गाडीवर आहे' म्हणतो. तसा असतोही, पाइप घेऊन टपावर. बायकोला माझं बाहेर काहीतरी चाललंय असं वाटतंय, हे तुझ्या पत्रातून कळलं. हसावं की रडावं, कळेना.

रविवारी येतो. काय तपासायचं ते तपास, फोटो काढ, हवं तर अभ्यासात घाल. मग माझ्याबरोबर घरी चल. तिला मीच सांगेन, पण तू शेजारी बस. माझ्या उजव्या हाताला बस. डावीकडे बसलीस, तर तू आहेस की उठून गेलीस, मला समजणार नाही.

तुझा,
धाकटा