मास्तरांच्या मापाचं जाकीट

पायथ्याचं गाव,
३ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दुपारी सुखरूप पोचले. इथल्या खोलीत दोन खाटा आहेत. एकीवर मी, दुसरीवर पिशव्या पसरून ठेवल्यात; रिकामी बघवेना.

तू शिवलेलं जाकीट आज उघडलं. अगं, हे काय केलंस? बाह्या माझ्या बोटांच्याही खाली येतात. मास्तरांच्या मापानं बेतलंस तू ते. माझा नवरा जाऊन दीड वर्ष झालं आणि तू अजून त्यांना कपडे शिवतेस. आधी हसले, मग ते अंगातून काढवेना.

डोकेदुखीच्या गोळ्या मिळाल्या, वरची खवचट चिठ्ठीही. अकरा वर्षांपूर्वी माझ्या डोकेदुखीपायी मास्तरांना तिसऱ्या मुक्कामावरून परत फिरावं लागलं, हे आता गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. या वेळी मी खिंडीपर्यंत जाणार म्हणजे जाणार. तिच्यापलीकडचा मुलूख मास्तरांनी तीस वर्षं वर्गात नकाशावर दाखवला, डोळ्यांनी कधी बघितला नाही. मी बघून येते. उद्या निघतेय. सोबत वाटाड्या आहे, पण तो दिवसाला चार शब्द बोलतो.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

---

घर,
६ तारीख

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. मापांच्या वहीत तुमची दोघांची पानं समोरासमोर आहेत. वीस वर्षं मास्तरांचे कोट मीच शिवले, त्यामुळे वही उघडली की नजर आपोआप त्यांच्याच पानावर जाते. कापताना एकदाही वाटलं नाही चुकतंय म्हणून. आता बाह्या दुमडून घे, आलीस की आत घेईन.

तू गेल्यापासून संध्याकाळ सरता सरत नाही. दवाखान्यातली ड्यूटी संपवून तू यायचीस आणि माझ्या मशीनच्या आवाजावर ओरडायचीस. आता मशीन कितीही खडखडलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. हट्टाला पेटू नकोस बाई. डोकं दुखलं तर सरळ खाली ये. आम्ही हसू, त्यात काय मोठंसं.

आहे तो लोभ वाढव.

ताई

---

दुसरा मुक्काम,
१० तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बर्फामुळे पाच दिवस इथेच अडकलेय. तुझं पत्र आज खेचरवाल्यानं आणून दिलं. पाच दिवस कुणाशी धड बोलले नाही, म्हणून असेल, पण तुला एक गोष्ट सांगून टाकते. त्या वेळी माझं डोकं दुखलंच नव्हतं.

तिसऱ्या मुक्कामावर मास्तरांचे ओठ निळे पडले होते, छातीत घुरघुर चालली होती. एवढी वर्षं नर्स म्हणून काढलेली मी, मला कळायला वेळ लागला नाही. लगेच उतरवलं नसतं तर ते हातचे गेले असते. पण माणूस कसा होता, तुला ठाऊक आहे. स्वतःसाठी एक पाऊल मागे घेतलं नसतं. म्हणून मी डोकं धरून खाली बसले आणि रडले. ते चिडले, पण उतरले. वाटभर मला बोल लावत होते आणि मी त्यांचं मनगट धरून नाडी मोजत होते.

पुढे चार माणसं जमली की ते ही गोष्ट रंगवून सांगायचे. मीही हसायचे. खरं कळलं असतं तर खचले असते, म्हणून शेवटपर्यंत बोलले नाही. आता ते नाहीत आणि खरं ठाऊक असलेली मी एकटीच उरलेय. फार एकटं वाटतं गं. एकदा त्या खिंडीत जाऊन उभी राहिले की सुटेन असं वाटतंय. उद्या निघतोय.

लोभ जपून ठेव.

तुझी,
धाकटी

---

घर,
१४ तारीख

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. आता मी सांगते त्यावर रागवायचं तर रागव, पण वाच.

मास्तरांना ठाऊक होतं. परत आल्यावर महिन्याभरानं कोटाचं माप द्यायला आले होते. मी छातीला टेप लावला तेव्हा म्हणाले, की डोकं फुटायला आलेली बाई वाटभर दुसऱ्याची नाडी मोजत नाही. मला शपथ घातली. तू एक दिवस आपणहून सांगशील, म्हणून ते ती थट्टा काढायचे आणि तुझ्याकडे बघायचे. तू हसलीस की तेही हसायचे.

मी शब्द पाळला, जरा जास्तच पाळला. मीही तुला हसत राहिले. ते गेल्यावर तरी सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

लोभ उरला असेल तर कळव.

ताई

---

पायथ्याचं गाव,
१७ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. एकदाच वाचलं, पुन्हा उघडायचा धीर होत नाही. साडेनऊ वर्षं, ते जाईपर्यंत, आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत बसलो आणि तू मधे टेप घेऊन गप्प. रागावलेय. पण तुझ्यावर रागावून राहू किती, दुसरं आहे कोण मला.

खिंडीत पोचले नाही. १२ तारखेला सकाळी खिंड समोर दिसत होती, तासाभराची चढण उरली होती आणि माझं डोकं दुखायला लागलं. खरंखुरं. पाय भलतीकडे पडू लागले. जाकिटाची बाही वर सारून स्वतःची नाडी मोजली. दुसरं कुणी असतं तर त्याला मी तिथून हलवलंच असतं, पण स्वतःला सांगता येईना. पुढे जायची इतकी ओढ होती, ताई, की माझ्यासाठी कुणीतरी खोटंखोटं डोकं धरून खाली बसायला हवं होतं. वाटाड्या नुसता उभा होता. शेवटी माझी मीच बसले आणि त्याला म्हटलं, उतरू या.

जाकीट आत घेऊ नकोस. कुणी विचारलं तर सांग, धाकटीचं डोकं दुखलं. हसू देत.

दोन दिवस विश्रांती घेऊन २० तारखेच्या गाडीनं निघेन, २१ला संध्याकाळी पोचेन. तेव्हा मशीन चालू ठेव. मला ओरडायचंय.

लोभ उरलाय, भरपूर आहे.

तुझी,
धाकटी