अर्धं जाजम

प्रिय अण्णा,

तुमी गेल्यावर आजवर काही लिहावं वाटलं न्हाई. आज लिहायलेय, कारण मला दादाची, तुमच्या थोरल्या लेकाची, शिसारी आलीय. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

चावडीतलं मोठं जाजम आठवतं ना? गावानं आणि दलित वस्तीनं मिळून ताडकळसच्या बाजारातून आणलेलं. तुमी सरपंच होता, पण ग्रामसभेत कधी खुर्ची घेतली न्हाई. म्हणायचात, "भांडा, लय भांडा, पण एका जाजमावर बसून. घटना म्हंजे दुसरं काय हाय? निजामाच्या राज्यात एकट्याची मर्जी चालायची. आता तोंड वाकडं करून का होईना, सगळ्यांनी मिळून ठरवायचं."

मग विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. आपल्याच लोकांनी वस्तीतली घरं जाळली. कोंडामावशीचंही जळालं. पंचायतीत तुमच्यासमोर बसून तुमालाच खोडून काढायची, तीच मावशी.

त्यानंतरच्या सभेला वस्तीची माणसं आली. शेजारी बसायला गाव तयार न्हाई. तर आपल्या नव्या सरपंचानं, दादानं, काय करावं? जाजम मधोमध कापलं. अर्धं त्यांना, अर्धं आपल्याला. वर मलाच म्हणतो, "भांडणच मिटलं की, शके." थू असल्या मिटवण्यावर! जळालेल्या घरांबद्दल एकानंही तोंड उघडलं न्हाई.

राग येऊ देऊ नका, पण तुमचं बी चुकलं अण्णा. चावडीत मावशी तुमच्या बरोबरीनं बसायची आणि आपल्या घरी तिचा कप गोठ्याच्या कोनाड्यात. दादा लहानपणापासून तेच बघत आला. घटना चावडीतच का ठेवलीत? उंबऱ्याच्या आत का आणली न्हाई?

परवा मी मावशीकडं गेले. म्हटलं, तुमचा तुकडा द्या, दोन्ही शिवून चावडीत टाकते. ती म्हणाली, "आमी इतकी वर्सं तुमच्याकडं येऊन बसलो. आता तुमचं अर्धं घेऊन तू इकडं ये."

खरंच हाय तिचं.

दादाला सांगितलं, तर म्हणतो, "तिकडं गेलीस तर माहेर तुटलं समज." रात्रभर रडले अण्णा. माहेर कुणाला नको असतं?

तरी शब्द देते. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की आपलं अर्धं जाजम डोक्यावर घेऊन भर गावातून वस्तीत जाईन. मावशीच्या अर्ध्याला लावून अंथरीन आणि ती देईल त्या कपात चहा पिईन. मग तिथूनच सासरी जायला मानवतची गाडी धरीन. गोठ्यातला तो कप तेवढा निघायच्या आधी फोडून जाईन.

तुमची लेक,
शकू