साठ पावलांचा नियम

१ मार्च

स्वस्ति श्री! चतुर्थमजलानिवासी, वाहनतळ-उपसमितीचे अखंड अध्यक्ष, भूमापन-धुरंधर, एकपत्नीक, एकवाहन, चष्मद्वयधारी (एक वाचनार्थ, एक हरवण्यार्थ), उद्वाहनातील सूचनाफलकाचे आद्यलेखक आणि तृतीय चहाचे निर्भय याचक — असे आम्ही — आज या नूतन वहीचे विधिवत उद्घाटन करीत आहोत!

कुटुंबाने खांद्यावरून डोकावून विचारले, "अहो, आम्ही म्हणजे कोण कोण?"

प्रश्न विचाराधीन ठेवला आहे.

प्रथम कर्तव्याची नोंद. इमारतीत बिऱ्हाडे ऐंशी. तळघरात गाड्या ब्याऐंशी. अपंगांसाठी राखीव जागा — एक! कोपऱ्यात, भिंतीलगत, निळी चौकट, मध्ये चाकाच्या खुर्चीचे चित्र. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा लेकीकडे राहायला गेल्यापासून ती रिकामी आहे, आणि रिकाम्या जागेकडे पाहून सज्जनांच्या मनात काय काय येते, ते आम्ही रोज पाहतो. म्हणून नियम. आमच्याच लेखणीतून उतरलेला: "जी व्यक्ती राखीव जागेपासून लिफ्टपर्यंतची साठ पावले न थांबता चालू शकते, तीस सदर जागेचा अधिकार नाही." स्वच्छ. निःसंदिग्ध. अपीलशून्य.

साठ हा आकडा आमच्या पावलांचा आहे. भूमापन खात्यात उमेदवारी करीत असता आमच्या गुरुजींनी साखळीच्या बाजूने चालवून आमचे पाऊल मोजले होते. पंच्याहत्तर सेंटिमीटर! दहा वेळा चालवले, दहाही वेळा तेवढेच. "तुझ्या पायात पट्टी आहे रे," म्हणाले. तीस वर्षांत खात्याने अनेक उपकरणे आणली आणि मोडीत काढली. हे एक अजून चालू आहे.

२ मार्च

रविवारची तपासणी. जागेपासून लिफ्टपर्यंत चाललो. चौसष्ट पावले!

चार पावले म्हणजे तीन मीटर. जानेवारीत रंगाऱ्याने रेषा नव्याने मारल्या, तेव्हाच हा अपहार झालेला दिसतो. रखवालदाराला पाचारण करून म्हटले, "रंगाऱ्याने ही चौकट तीन मीटर मागे सरकवली आहे."

त्याने चौकटीकडे पाहिले. चौकटीला टेकलेल्या भिंतीकडे पाहिले. "भिंत पण सरकवली का साहेब त्याने?"

रखवालदार उद्धट आहे. नोंद केली.

५ मार्च

उपसमितीचे दुसरे सदस्य, पहिल्या मजल्यावरचे रोखपाल, यांची गाडी राखीव जागेत! "दोनच मिनिटं हो!" गेल्या महिन्याभरातील त्यांच्या दोन मिनिटांची बेरीज केल्यास एक संपूर्ण दिवस भरेल. शिवाय वर पाइप गळतो म्हणून तक्रार तेच करणार. "तुमच्या त्या राखीव जागेत टप टप पाणी पडतं, काच खराब झाली माझी!" पाइपाची तक्रार तीन वर्षांपूर्वीही आली होती, आजोबांची. विचाराधीन आहे.

८ मार्च

आज अर्जदाराची परीक्षा. तिसऱ्या मजल्यावरची पोहणे शिकवणारी बाई. वय पस्तीसच्या आसपास. रोखपाल तिला जलपरी म्हणतात, मागून. अर्जात लिहिले आहे: मज्जातंतूंचा आजार, चार वर्षे.

आता, जी व्यक्ती रोज सहा तास तरणतलावात असते, जिचे खांदे आमच्या दोघांचे मिळून असावेत एवढे आहेत, ती अपंग कशी? हे रोखपालांचे म्हणणे. आमचेही. फक्त आम्ही ते चांगल्या शब्दांत म्हटले.

सकाळी साडेआठला ती चालली. ताठ, सरळ, न थांबता. वळून म्हणाली, "झाले साठ?"

"झाले."

"सकाळी होतात काका. संध्याकाळी बघा."

काका! आम्ही चोपन्न वर्षांचे आहोत.

"पण आपण पोहता," आम्ही म्हणालो.

"पाण्यात मला वजन नसतं. इथे असतं."

उत्तर सुंदर होते. पण नियमात सुंदर उत्तरांची तरतूद नाही. अर्ज नामंजूर. ती भांडली नाही. "बरं," म्हणाली आणि जिन्यात ठेवलेली पिशवी उचलून गेली. भांडली असती तर बरे झाले असते.

११ मार्च

कुटुंबाचे खाली, रस्त्याला लागून, कपडे उसवून-बेतून देण्याचे दुकान आहे. जगाच्या पँटी आखूड करते. आज आमची पँट दिव्यापुढे धरून म्हणाली, "अहो, ही डाव्या पायाची खालची कड पुन्हा झिजली. समोरून. उजवी शाबूत. काय एका पायाने रस्ता झाडत जाता का?"

"कापडच निकृष्ट," म्हणालो.

"दोन्ही पाय एकाच कापडाचे आहेत."

स्त्रिया पुराव्याच्या बाबतीत फार हट्टी असतात.

१२ मार्च

बूटही डावाच झिजला आहे. योगायोग.

१६ मार्च

सदुसष्ट!!

रंगाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, जानेवारीनंतर मी तुमच्या इमारतीकडे फिरकलेलोही नाही. मग चौकट पुन्हा मागे कशी गेली? कुटुंब म्हणाले, "माझी टेप न्या की. एका मिनिटाचं काम."

टेप कापडासाठी असते. जागेपर्यंत माणसे चालत जातात, टेप चालत जात नाही. म्हणून अंतर माणसाच्याच पावलाने मोजावे, हे आमचे तत्त्व आहे. ती हसली, तोंडात टाचण्या असताना. धोकादायक सवय.

१९ मार्च

रखवालदार आज आपणहून आला. "साहेब, एक सांगू? रागवणार नाही ना?"

"रागवेन. सांग."

"त्या पोहणाऱ्या ताई रोज सात वाजता येतात. पार त्या टोकाला गाडी लावतात आणि आतच बसून राहतात. अर्धा तास. कधी पाऊण. मग दार धरून उठतात. मला म्हणाल्या, कोणाला सांगू नकोस."

"मग सांगितलेस का?"

"तुम्ही कोणी थोडेच आहात? तुम्ही समिती आहात."

सात वाजता खांबाआड उभा राहिलो. अध्यक्षाने खांबाआड उभे राहणे शोभत नाही, पण खांब रुंद होता. तिची गाडी आली. आतला दिवा लागला. ती बसून होती. गाणे ऐकत नव्हती, फोन पाहत नव्हती. फक्त बसलेली. वाट पाहत असावी, पण माणसाची नाही. स्वतःच्या पायांची. बत्तीस मिनिटांनी दार उघडले. टोकापासून लिफ्टपर्यंत ती चार ठिकाणी थांबली, प्रत्येक वेळी कोणाच्या तरी गाडीवर तळहात टेकून. त्यातली एक माझी होती.

आम्ही — मी — जिन्याने वर गेलो. तिच्याबरोबर लिफ्टमध्ये उभे राहण्याचे धैर्य झाले नाही.

आपण सकाळी परीक्षा घेतली. का? तर सकाळी मला वेळ होता म्हणून.

२२ मार्च

उपसमितीची तातडीची सभा. मी ठराव मांडला, की परीक्षा अर्जदाराच्या सोयीच्या नव्हे, गैरसोयीच्या वेळी घ्यावी.

रोखपाल उसळले. "अहो, संध्याकाळी सगळेच दमतात! मीसुद्धा दमतो. उद्या मला द्याल का जागा?"

"तुम्ही आजही घेताच आहात. दोन मिनिटं."

"हे व्यक्तिगत झालं!"

"हो," म्हणालो. फार बरे वाटले. ठराव दोन विरुद्ध शून्य मतांनी संमत — दुसरे मत त्यांचेच. रागाच्या भरात हात वर केला आणि मग खाली घेणे बरे दिसले नाही.

कुटुंबाला सांगितले. ती म्हणाली, "पण परीक्षा हवीच कशाला? विचारा तिला."

विचारायचे? साधे? पन्नास परिच्छेदांच्या नियमावलीला हा प्रकार अपरिचित आहे.

२४ मार्च

संध्याकाळी सव्वासात. राखीव जागेपासून मी तिच्याशेजारून चालत होतो, मोजत. ती बारा पावलांवर थांबली. मग वीस. मी मनातल्या मनात तिला जागा देऊन टाकली होती, पण सवयीने मोजत राहिलो. ती थांबली की मी थांबायचो. छान चालले होते. लिफ्टपाशी पोहोचलो.

"किती झाली?" तिने विचारले.

"आपले जाऊ द्या. अर्ज मंजूर आहे. पण जागा मात्र सरकली आहे हो! माझी एकाहत्तर झाली. पूर्वी साठ होती."

ती लिफ्टच्या दारापाशी टेकून उभी होती, घामाघूम. मी तिला दार धरून द्यावे म्हणून पुढे झालो, आणि लिफ्टच्या उंबऱ्याला डावा चवडा अडकला. पडलो असतो. तिने माझे कोपर धरले. तिने — मला!

सोडले नाही लगेच. खाली माझ्या बुटाकडे पाहत राहिली. "काका, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हा पाय उचलत नाही तुमचा. घासतो. माझा असाच सुरू झाला होता." मग हळूच म्हणाली, "जागा तिथेच आहे. तुमचं पाऊल लहान झालंय."

लिफ्ट आली. आम्ही दोघे गेलो. तिसऱ्या मजल्यावर ती म्हणाली, "दाखवून घ्या. घाबरू नका, पण दाखवून घ्या."

२५ मार्च

कुटुंबाला म्हटले, तुझी टेप दे. तिने दिली नाही. दुकान बंद करून स्वतः आली. पिवळी, दीड मीटरची, कापडाची टेप. गुडघ्यांवर बसून, खडूने खुणा करीत, कोपऱ्यापासून लिफ्टपर्यंत तीस वेळा ठेवली. रखवालदार शेवटचे टोक धरायला आला. त्याने एकदाही भिंतीचा उल्लेख केला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

पंचेचाळीस मीटर. साठ पावले. बरोबर. होती तेवढीच.

ती फरशीवरच बसून राहिली, टेप गुंडाळत. "मला कडेवरून कळायला हवं होतं," म्हणाली. "एवढ्या पँटी पाहते दिवसभर."

"तुला कळले होते. मी कापडावर ढकलले."

"मग आता काय म्हणणं आहे 'आम्हां'चं?"

"आम्ही राजीनामा दिला आहे," मी म्हणालो. "मी आहे."

तिने मला हात देऊन उठवले नाही. स्वतः उठण्यासाठी माझा हात मागितला. फार हुशार बाई.

२ एप्रिल

इस्पितळ. सुया, तारा, हातोडी. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. मला मुलगी असती तर. म्हणाल्या, पाठीतून पायाकडे जाणाऱ्या नसा दुबळ्या होत आहेत. हळूहळू वाढेल. "हळूहळू म्हणजे किती?" विचारले. "मोजता येत नाही," म्हणाल्या. तीस वर्षे भूमापन केलेल्या माणसाला!

घोट्याला आधार देणारी पट्टी मिळाली. गाडीला क्लच नाही, त्यामुळे चालवायला हरकत नाही. डावा पाय तिथे तसाही निवृत्तच होता.

येताना कुटुंबाने बागेपाशी गाडी थांबवायला लावली. बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले. ऊन कोवळे होते. वाईट वाटायला हवे होते, ते नीट जमेना. पायात पट्टी आहे, हे गुरुजींचे म्हणणे अखेर खरे ठरले, असे म्हणालो, तर ती इतकी हसली की शेजारच्या बाकावरचे लोक वळून पाहू लागले. मग डोळे पुसले. मग पुन्हा हसली.

६ एप्रिल

नियम रद्द. माझ्याच हाताने फलकावरून काढला. नवा नियम एका ओळीचा: "ज्यास गरज आहे त्याने सांगावे, समितीने विश्वास ठेवावा."

रोखपाल: "आणि कोणी खोटं बोललं तर?"

"तर एक लबाड थोडी पावले वाचवील. आजवर एक खरी बाई रोज अर्धा तास अंधारात बसत होती."

संध्याकाळी पाहतो तो आपली स्वतःची जागा, निळ्या चौकटीच्या शेजारची, रोखपालांनी मोकळी केलेली. गाडी पार टोकाला नेऊन लावली. विचारले तर म्हणाले, "तिथे पाणी ठिबकतं हो." तिथे काही ठिबकत नाही. ठिबकते ते राखीव जागेत आणि थोडेसे त्यांच्या जुन्या जागेच्या कडेला. असो. माणूस चांगले करताना पकडला गेला की असाच बोलतो.

त्या जागेभोवती निळी चौकट मारायला रंगारी आला होता. माझ्याकडे पाहून आधी भिंत हाताने दाबून पाहिली. रखवालदाराचे काम!

९ एप्रिल

उपसमितीत तिसरी सदस्य घेतली: जलतरण-शिक्षिका. पहिल्याच सभेत तिने विचारले, "पाइपाचं काय?" विचाराधीन आहे, असे सांगितले. तिने माझ्याकडे असे पाहिले, की मला माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई आठवल्या.

१३ एप्रिल

रविवार. तपासणी केली नाही. झोपलो.

२० एप्रिल

काल माझा अर्ज सभेपुढे आला. अध्यक्ष या नात्याने मी बाहेर जाऊन उभा राहिलो. दोन मिनिटांनी — खऱ्या — आत बोलावले. तिने चालायला सांगितले नाही. "संध्याकाळी कसं वाटतं काका?" एवढेच. मी सांगितले. तिने सही केली.

आज राखीव जागेत गाडी लावली. माझी. तिने आपण शेजारच्या नव्या चौकटीत जाऊन जुनी मला दिली, "लिफ्ट जरा जवळ पडते," म्हणून. उदात्त! दार उघडले, डावा पाय दोन्ही हातांनी बाहेर ठेवला, वर पाहिले — आणि टप. बरोबर वाचनार्थ चष्म्यावर. अध्यक्षांकडे लेखी तक्रार केली आहे. ते म्हणतात, विचाराधीन आहे.