सही माझीच

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे बरे आहेत. चष्म्याचं दुकान ठीक चाललंय. लेकीचे पुढचे दात पडल्यामुळे ती वर्गात तोंडच उघडत नाही, बाई खूश आहेत.

आईचंही मार्गी लागलं. वृद्धांच्या भत्त्याचा नियम बदलला. आता मुलांची कमाई बघत नाहीत, त्या माणसाच्या हाती काय आहे तेवढंच बघतात. पुढच्या महिन्यापासून तिला भत्ता पुन्हा मिळेल.

मुळात तो बंद का झाला, असं तू विचारलंस. मागे मी कागदपत्रांत चूक झाल्याचं कळवलं होतं. चूक कागदपत्रांत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी भत्त्याच्या सरकारी चौकशीला एक बाई दुकानात आल्या. सासरे बसले होते, दोन गिऱ्हाइकं होती. बाईंनी सरळ विचारलं, आईला तुम्ही सांभाळता का? चार लोकांत नाही कसं म्हणू? म्हटलं, म्हणजे काय, मीच सांभाळतो. आणि त्यांच्या कागदावर ऐटीत सही ठोकली. आईकडे शेवटचा कधी गेलो होतो, तेही तेव्हा आठवत नव्हतं. पैसे पाठवू नंतर, असं म्हणत राहिलो आणि ते नंतर काही आलं नाही. सत्तरीतली आई दवाखान्यात चादरींच्या घड्या घालायला जाऊ लागली. तुला मात्र मी सांगायचो, तिला रिकामं बसवत नाही.

काल नव्या अर्जासाठी तिला घेऊन गेलो. कारकुनाने जुनी फाइल तिच्यापुढे सरकवली. मुलगा सांभाळतो म्हणून बंद झालाय, ही सही कोणाची, त्याने विचारलं. आईने चष्मा लावला. त्याच्या काडीला दोरा बांधलेला होता. चष्म्याचं दुकान कुणाचं, ते तुला सांगायला नको.

"याचीच," ती म्हणाली. "हा देत होता हो. मीच घेत नव्हते."

कारकुनाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. आणि ताई, मी गप्प बसलो.

जिन्यात तिला विचारलं, खोटं कशाला बोललीस?

"तिथं तू माझा मुलगा म्हणून उभा होतास," ती म्हणाली. मी हात पुढे केला. तिने कठडा धरला आणि एकेक पायरी उतरत गेली.

आज एकटाच परत गेलो आणि कारकुनाला खरं काय ते सांगितलं. त्याने विचारलं, आता सांगून काय उपयोग?

भावामुळे मी निर्धास्त आहे, असं तू तिकडे सगळ्यांना सांगतेस. यापुढे सांगू नकोस. आशीर्वाद मागत नाही. रागावून का होईना, दोन ओळी लिही.

आईच्या जिवावर चांगला म्हणवून घेतलेला,
तुझा भाऊ