अंत्यविधीच्या फिल्ममधले पाच जावई

ओवेरी, रविवार

प्रिय आई,

गुडघे टेकून नमस्कार. मी वेळेवर जेवते, काळजी करू नकोस. तुझा खोकला थांबला का?

एडिटिंग कोण शिकवतं, असं तू विचारलंस. आमच्या व्हिडिओच्या दुकानाचे मालक म्हणाले, "मोबाइलवर धडे बघ, मला सवड नाही." बहुतेक धडे आमच्या जुन्या कॉम्प्युटरला लागूच पडत नाहीत. महिनाभर शोधून एक बरा मिळाला. त्यातले परदेशी मास्तर म्हणाले, तेच ते पुन्हा येत असेल तर कापा. एका म्हाताऱ्यांच्या अंत्यविधीच्या फिल्ममध्ये आपल्या रीतीप्रमाणे पाच जावई आपापली गाय घेऊन नाचत आले होते. मी एकच ठेवला.

काल त्या म्हाताऱ्यांची थोरली लेक दुकानात आली. "अगं बये, माझ्या नवऱ्याची गाय तू खाल्लीस का? आता गाव म्हणेल, तो रिकाम्या हातानं आला!" मूळ चित्रण मीच पुसलं होतं. मालक एवढंच म्हणाले, "तुझ्या मास्तरांना विचार."

आपल्या लोकांचं काय कापू नये, हे सांगणारा धडा कुठेच नाही, आई. मी सगळीकडे शोधलं.

आता मी दुकान झाडते, गिऱ्हाइकांना पाणी देते. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. गावात कुणी विचारलं तर शिकतेय असंच सांग.

तुझीच,
ओबियागेली