झोळीची गाठ

बाबा, काल आईने माझ्या मुलीची झोळी बांधायला नकार दिला. मी बारा दिवसांची पोर घेऊन उभी होते. इथे गडचिरोलीच्या क्वार्टरमध्ये आढं नाही, पण छताला लोखंडी कडी आहे. आईचंच जुनं लुगडं धुऊन ठेवलं होतं. तिने दोरी हातात घेतली, जरा वेळ बोटांत फिरवली आणि परत माझ्याकडे दिली. "मी नाई बांधत, माय. तूच बांध. माह्या हाताचं काई खरं नाई." दाराशी तुझा भाऊ बसला होता. काका आता म्हातारा झालाय, दारू सुटली आहे, हात कापतात. गावाहून एस.टी.ने ओल्या फडक्यात मासे बांधून आणले होते त्याने पुतणीच्या बाळंतपणाला. तो बशीतला चहा फुंकत राहिला. झोळी मी बांधली.

ते घडलं तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि माझा भाऊ चार महिन्यांचा. भाताच्या रोवणीचे दिवस, आई चिखलात, तू तलावावर. जाताना आई मला म्हणाली होती, "झोका देत राहाजो." मी देत होते. काका दुपारीच मोहाची पिऊन आला आणि बाजेवर पडला, आणि भाऊ रडायचा थांबेना. काका उठला, त्याने त्याला झोळीतून ओढून काढलं. "चूप! चूप म्हनतो ना!" दोन्ही हातांत धरून त्याने त्याला गदागदा हलवलं. मान पुढे येते, मागे जाते, पुढे येते, मी बघते आहे. मग त्याने त्याला बाजेवर टाकलं. रडणं थांबलं. काकाला वाटलं, झोपला.

मी तलावापर्यंत पळत आले आणि तुला सगळं सांगितलं. बाबा, सगळं सांगितलं होतं मी. तू ओल्या अंगाने घरात शिरलास. पोराच्या तोंडाला फेस होता, डोळे वर गेले होते. मला वाटलं, तू आधी त्याला उचलशील. तू काकाकडे बघितलंस, मग वर झोळीकडे, आणि आधी झोळीची गाठ सोडायला लागलास. आईची गाठ ती. आपण ढिवर, मासे धरणारे, जाळ्याच्या गाठींवर जगणारी माणसं, आणि आई तर गावात सगळ्यांत चांगलं जाळं विणायची. तुझ्यासारख्याला ती गाठ सुटेना. शेवटी तू ती दातांनी सोडलीस. दोरी खाली पडली तेव्हा माझ्याकडे वळून म्हणालास, "झोळी सुटली म्हनजो. कोनी बी इचारलं तरी."

चंद्रपूरला डॉक्टरांनी तुला दोनदा विचारलं. एवढ्याशा उंचीवरून पडून डोक्यात इतकं रक्त साचत नाही, खरं काय ते सांगा, म्हणाले. तू हात जोडलेस. "गाठ सुटली, साहेब. बाईमानसाची गाठ." आई तुझ्या मागेच उभी होती, पायांना रोवणीचा चिखल तसाच. ती एवढंच म्हणाली, "मी तं दोन गाठी मारल्या होत्या." त्यानंतर तिने हे वाक्य कधी उच्चारलं नाही. हळूहळू तिला स्वतःलाच वाटायला लागलं असावं, की एकच मारली होती.

पुढे तू जे केलंस ते गावाने पाहिलं. भावाची मान कधी सावरली नाही, हातपाय लाकडासारखे ताठ, दिवसातून चार-पाच झटके. तू त्याला मांडीवर घेऊन पेज भरवायचास, एक वाटी संपायला तास लागायचा. टोपल्यात जुनं जाळं अंथरून त्याला तलावाच्या बांधावर, पाळीवर ठेवायचास, आणि जाळं ओढून झालं की छातीशी धरून पाण्यात उतरायचास. पाण्यात त्याचे आखडलेले पाय सुटायचे. तिथेच तो हसायचा, दुसरीकडे कुठे नाही. पाळीवरच्या बाया म्हणायच्या, असा बाप पाहाले भेटत नाई. मी धुणं आपटत ऐकायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याच बायांनी आईला जाळं विणायला बोलावणं सोडलं होतं. जिची पाळण्याची गाठ टिकली नाही तिचं जाळं कोण पाण्यात टाकणार? तूसुद्धा चंद्रपूरच्या बाजारातून नायलॉनचं तयार जाळं आणलंस, बाबा. आईने ते हात न लावता नुसतं पाहिलं.

बारा वर्षांची असताना एकदा मी तुला गाठलं. भाऊ तुझ्या खांद्यावर झोपला होता. "आईले खरं सांग ना, बा." तू इतका चिडलास की मी दोन पावलं मागे सरले. "सांगून का होते? याची मान सरळ होते का? तो जेलात गेला तं जाळ्याचं दुसरं टोक कोन धरन? तू धरशीन?" मोठं जाळं दोघांशिवाय ओढता येत नाही, हे मलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तू एका टोकाला होतास, काका दुसऱ्या. तू त्याच्याशी शेवटपर्यंत जाळ्यापुरतंच बोललास. तुला वाटलं असेल, ही शिक्षा आहे. ती त्याला पुरली नाही आणि आईला काहीच मिळालं नाही.

हिवतापाने तू गेलास तेव्हा मी शेवटपर्यंत तुझ्या तोंडाकडे बघत होते. आई पाय चोळत होती, तुला शुद्ध होती, दोन शब्दांचं काम होतं. तू पाणी मागितलंस. तुझ्यामागे दुसऱ्या हिवाळ्यात भाऊ गेला. त्याला पाण्यात कोणी नेत नव्हतं, मीही नर्सिंग शिकायला इकडे आले होते. त्याला न्यायच्या आधी आई त्याच्या वाकड्या बोटांवरून हात फिरवत म्हणाली, "माह्या गाठीनं गेला." काका खांदा द्यायला उभा होता. मी तिच्या शेजारीच बसले होते.

मी तुलाच बोल लावत आले. पण तू नाहीस याला बरीच वर्षं झाली, काकाला मी घाबरत नाही, आणि आई माझ्याच घरात राहते. काल दोरी माझ्या हातात देताना ती माझ्याकडे बघत होती. तेव्हा सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर तिने तुझं विचारलं नसतं, काकाचंही नाही. तिने विचारलं असतं, "तुले मालूम होतं?"

आज सकाळपासून ती तीनदा येऊन झोळीची गाठ चाचपून गेली. "घट्ट आहे ना?" मी म्हटलं, आहे. मग या कागदाकडे बोट करून म्हणाली, "का लिहून राह्यली?" मी म्हटलं, दवाखान्याचं काम. ती पोरीला झोका देत बसली. हा कागद मी लपवणार नाही, पोरीच्या पावडरच्या डब्याखाली उघडाच ठेवीन. आईला वाचता येत नाही, बाबा. येत असतं तर मी हे लिहिलं नसतं.