तिसरा रकाना

ता. ३

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर मी कुत्र्याला आणि ह्यांना, दोघांनाही विटले आहे. तू कुत्री शिकवून पोट भरतोस, तेव्हा हे गाऱ्हाणं तुझ्याच माथी.

शहाण्याला भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणून तीन आठवडे झाले. फार समजूतदार आहे असं तिथल्या बाई म्हणाल्या, म्हणून हे नाव ठेवलं. मी सकाळी आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बसले रे बसले, की बाहेरच्या खोलीत ह्याचं भुंकणं सुरू. शाळेचे बत्तीस गणवेश शिवून द्यायचेत, दर वेळी उठून कसं चालेल? मी आतूनच त्याच्यावर ओरडते. थोड्या वेळाने गप्प बसतो, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. खालच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाईंनी तक्रार केली. आता इमारतीच्या सेक्रेटरींनी लेखी कळवलंय की महिनाअखेरीला ते स्वतः येऊन बघतील, आणि कुत्रं सुधारलं नसेल तर ते परत पाठवावं लागेल.

मी हे लोढणं गळ्यात का बांधून घेतलं ते तुला ठाऊक आहे. ह्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले. आता चालले नाहीत तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना ह्यांनी असं काही सुनावलं की त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. म्हटलं, कुत्र्याला फिरवायच्या निमित्ताने तरी हलतील. हलतात कसले! खुर्चीपासून बाथरूमपर्यंत जायला माझा खांदा लागतो. कुत्र्याला दोन्ही वेळा मीच फिरवते, आणि परत आले की हे विचारतात, आज उशीर झाला का? अंगाचा तिळपापड होतो माझ्या.

काहीतरी उपाय कळव. तुझ्याकडच्या सगळ्या पिल्लांना, दोन पायांच्या आणि चार पायांच्याही, आशीर्वाद.

तुझी वैतागलेली,
ताई

ता. ७

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मी हसलो आणि त्याची शिक्षाही लगेच मिळाली. सध्या माझ्याकडे अकरा पिल्लं आहेत. त्यातलं एक हे लिहीत असतानाच माझी चप्पल खातंय.

आधी ओरडणं थांबव. तू आतून ओरडतेस तेव्हा त्याला वाटतं की ताईही सोबतीला भुंकतेय. दुसरं म्हणजे एक वही कर. त्यात तीन रकाने आखायचे: भुंकण्याआधी काय झालं, किती वेळ भुंकला, आणि नंतर काय झालं. कुत्रं उगाच भुंकत नाही. त्यातून त्याला काहीतरी मिळतं, ते काय मिळतं हे तिसऱ्या रकान्यात कळतं. आठ दिवसांची पानं उतरवून मला पाठव. आळस करू नकोस, तुझा आळस मला लहानपणापासून माहीत आहे.

भावोजींना नमस्कार सांग. त्यांना रागावू नकोस असं म्हणणार होतो, पण तूही माझं ऐकायची नाहीस.

तुझा,
धाकटा

ता. १५

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. ही घे तुझी पानं. पहिले दोन रकाने भरलेत, तिसरा कोरा आहे. मी मशीनवर असते, नंतर काय होतं ते मला कसं दिसणार? ह्यांना विचारलं तर म्हणाले, काही नाही, गप्प बसतो. ह्यापलीकडे एक अक्षर नाही. मी वही फ्रिजवर टाकून दिली आहे. आता मला तिचं तोंडही बघायचं नाही.

गंमत अशी की बाकी सगळं तो शिकलाय. बस म्हटलं की बसतो, चटईवर जा म्हटलं की जातो. भुंकणं मात्र वाढलंच. त्यात आणखी दोन डोकेदुखी. कुत्र्याच्या बिस्किटांचा डबा मी मुद्दाम फ्रिजवर ठेवते, त्याचं तोंड पोचू नये म्हणून. महिनाभर पुरेल इतका भरलेला डबा आठवड्यात रिकामा! झाकण मात्र घट्ट लावलेलं. आणि ह्यांची काठी मी खुर्चीला टेकवून ठेवते, ती कधी खिडकीशी सापडते, काल तर फ्रिजच्या मुठीला अडकवलेली होती. ह्यांचं म्हणणं, कुत्रं ओढून नेतं. घरात दोन जीव आहेत आणि दोघेही कामाचे नाहीत. मी हात टेकले.

सेक्रेटरी यायला पंधरा दिवस उरलेत. शहाण्या गेला तर मला वाईट वाटेल, ह्याचाही मला राग येतोय.

घरच्यांवर आणि माझ्यावर जीव ठेव,
ताई

ता. १९

ती. भावोजींस,

सा. न. वि. वि. हे पत्र मुद्दाम वेगळ्या पाकिटात, तुमच्या एकट्याच्या नावे पाठवतो आहे.

ताईची पानं वाचली. डबा काढून, झाकण पुन्हा घट्ट लावून, काठी फ्रिजच्या मुठीला अडकवणारं कुत्रं मला वीस वर्षांत भेटलेलं नाही. भेटलं तर त्याला मी नोकरीवर ठेवीन. भावोजी, तुम्ही उठता. तो भुंकला की तुम्ही खुर्चीतून उठून फ्रिजपर्यंत जाता आणि त्याला बिस्कीट देता. मला झालेला आनंद पत्रात मावणार नाही.

पण अडचण अशी की भुंकलं की बिस्कीट मिळतं, हे तुम्हीच त्याला शिकवलंत. असंच चाललं तर महिनाअखेरीला तो जाईल. आणि तुम्ही बिस्किटं बंद केलीत तर तुम्ही पुन्हा खुर्ची धराल, ह्याची मला त्याहून जास्त भीती वाटते.

म्हणून एक करा. त्याने बोलावल्यावर उठायचं नाही, त्याने बोलावण्याआधी उठायचं. तो चटईवर गप्प असतानाच बिस्कीट द्यायचं. भुंकला तर तोंड फिरवून बसायचं, कितीही जिवावर आलं तरी. डबा तीन दिवसांनी फ्रिजवरून जेवणाच्या टेबलावर न्या, मग दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर, चटईही त्याच्यासोबत. आणि तो तिसरा रकाना तेवढा भरा. तो फक्त तुम्हालाच भरता येईल.

आपला,
मेहुणा

ता. २३

रा. रा. मेहुणेबुवांस,

स. न. वि. वि. पकडलंत. पत्रं लिहायची मला सवय नाही, थोडक्यात सांगतो.

तुमच्या बहिणीला कळवू नये. कळलं तर ती आनंदाने सगळी इमारत गोळा करील आणि सर्वांसमोर मला चालायला लावील. त्या व्यायामाच्या बाईंसमोर मी पहिल्याच दिवशी पडलो. दार उघडं होतं आणि शेजारचे चार जण बघत होते. लाज वाटली, म्हणून बाईंना बोललो. त्यांची काही चूक नव्हती. कुत्र्यासमोर दोनदा पडलो. त्याने तोंड चाटलं आणि बिस्किटाची वाट बघत बसला. त्याला एवढंच हवं असतं.

तो भुंकतो तेव्हा उठणं सोपं आहे. आपणहून उठणं फार कठीण आहे. काल तो चाळीस मिनिटं भुंकला, मी तोंड फिरवून बसलो. तुमच्या ताई आतून आम्हा दोघांच्या नावाने शंख करत होत्या. करतोय प्रयत्न. तो गेलेला मला चालणार नाही.

आपला,
खुर्चीतला माणूस

ता. १

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, पण तू त्यांच्या लायकीचा नाहीस.

काल अकरा वाजता बेल वाजली. मी मशीनवर होते. भुंकणं कानावर येईल म्हणून दात आवळून बसले, तर बाहेर चिडीचूप. वाटलं, कुत्रं मेलं की काय. धावत आले तर दार उघडलेलं, बाहेर सेक्रेटरी आणि शिकवणीच्या बाई, आणि दार उघडून उभे हे. काठी जेवणाच्या टेबलाशी. शहाण्या चटईवर साधूसारखा बसलेला, आणि हे त्याला बिस्कीट देत पाहुण्यांना आत या म्हणत होते. सेक्रेटरी म्हणाले, कुत्रं राहू द्या.

पाहुणे गेल्यावर मी दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं. महिनाभर ह्यांचे मोजे मी चढवलेत! हे म्हणाले, मोजे अजून जमत नाहीत. तुझं पत्र ह्यांच्या उशीखाली सापडलं. तुला भेटल्यावर बघून घेईन.

मग फ्रिजवरची वही उघडली. माझा कोरा तिसरा रकाना ह्यांच्या अक्षरात भरलेला आहे, अगदी पहिल्या दिवसापासून. 'मी उठलो. बिस्कीट.' पुढे, 'मी उठलो, पडलो, उठलो.' पानंच्या पानं तेच. मग २२ तारखेला, 'उठलो नाही. ती रागावली.' २६ ला, 'भुंकला नाही. मी आधीच उठलो.' आणि कालच्या तारखेला, 'दारापर्यंत. काठी विसरलो.'

वही वाचल्याचं मी ह्यांना सांगितलेलं नाही. होती तशी पुन्हा फ्रिजवर ठेवली आहे. फक्त पुढची दहा पानं आखून दिलीत, आणि तिसरा रकाना जरा रुंद ठेवलाय.

आम्हा तिघांवर लोभ राहू दे,
ताई